हवामान, विकास आणि भूमिहीनाचा वाटा

काही महिन्यांपूर्वी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शिबिरात बोलण्याचा प्रसंग आला. विषय आयोजकांनीच ठरविला होता : 'हवामानबदल आणि आर्थिक विकास यांचा समतोल'. माझ्या आधी दोन वक्ते बोलले. पहिल्याने सांगितले की, पृथ्वी तापते आहे, तेव्हा आपण सर्वांनी आपापल्या गरजा कमी केल्या पाहिजेत. दुसऱ्याने सांगितले की, भारत गरीब देश आहे, त्याला आधी कारखाने, वीज आणि रस्ते हवेत. हवामानाची काळजी श्रीमंत राष्ट्रांनी वाहावी. दोघांनाही टाळ्या पडल्या. माझे भाषण झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली होती. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे जमीन नाही, गाडी नाही, घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे. मग आम्ही नेमके काय कमी करायचे? आणि देशाचा विकास झाला तर त्यातले आम्हांला नेमके काय मिळणार?"

त्या वेळी मी तिला जे उत्तर दिले त्याने माझेच समाधान झाले नाही. परतीच्या एस. टी.त तेच डोक्यात घोळत राहिले. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी त्यावर विचार करावा, असे मला वाटते.

१

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत जातो. त्यातला बराचसा भाग शेकडो वर्षे तेथेच राहतो आणि पांघरुणासारखा पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. म्हणजे आज धूर कोण सोडतो एवढेच पाहून चालत नाही. वाफेच्या इंजिनापासून आजपर्यंत कोणी किती धूर सोडला, तो सगळा साठा मोजावा लागतो. हा साठा मोजला तर त्यातला सुमारे एक-चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा निघतो. जगाच्या लोकसंख्येत सहाव्या हिश्श्याहून थोडी अधिक माणसे भारतात राहतात, पण या साठ्यात भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आत आहे. आजचा हिशेब केला तरी अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास हा वायू सोडतो, भारतातला सुमारे दोन टन. एकूण बेरजेत भारत आज चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल तिसरा आहे हे खरे. पण ती बेरीज माणसांच्या संख्येमुळे मोठी दिसते.

म्हणूनच भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर सातत्याने एक भूमिका घेतली आहे. १९७२ साली स्टॉकहोमला मानवी पर्यावरणाची परिषद भरली, तेव्हा इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे ठणकावून सांगितले. १९९२ साली रिओच्या परिषदेत जो करार झाला, त्यात 'जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे' हे तत्त्व मान्य झाले. ज्याने अधिक बिघडविले आणि ज्याची ऐपत अधिक, त्याने अधिक भार उचलावा, असा त्याचा साधा अर्थ. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत गरीब राष्ट्रांना वर्षाला शंभर अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये पुरे झाले. २०२४ साली बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्ज डॉलरचा आकडा ठरला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने तो तुटपुंजा म्हणून उघड विरोध नोंदविला.

ही भूमिका न्याय्य आहे. तिला माझा पाठिंबा आहे. ज्याने विहीर उपसली त्यानेच उरलेल्यांना पाणी जपून वापरण्याचा उपदेश करावा, हे आपल्याला नवीन नाही. पाणवठ्याचा अनुभव असलेल्या समाजाला हा युक्तिवाद कोणी शिकवावा लागत नाही.

परंतु प्रश्न यापुढे सुरू होतो. हे तत्त्व देशाच्या सरहद्दीपाशी येऊन का थांबते? जगाच्या सभेत आम्ही सांगतो की सरसकट 'मानवजात' म्हणू नका, कोणी किती घेतले ते पाहा. आणि घरी आल्यावर मात्र सरसकट 'देश' म्हणतो. दोन टनांची सरासरी काढताना वातानुकूलित बंगल्यातला माणूस आणि त्या मुलीचे दोन दिवे आणि एक पंखा एकाच बेरजेत घातले जातात. त्या मुलीची गरिबी जगापुढे दाखवून देशाला विकासाची मुभा मागायची, आणि मुभा मिळाली की तिच्या वाट्याचा हिशेब विचारायचा नाही, असा हा व्यवहार आहे. माझे म्हणणे एवढेच की, जो न्याय आपण रिओत मागितला तोच गावात लावा. विकासालाही लावा आणि हवामानासाठी जे उपाय होतील त्यांनाही लावा.

२

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पर्यावरणाची बाजू मांडणारे काही सज्जन आपल्याला जुन्या गावाकडे परत नेऊ पाहतात. कमी गरजा, बैलाचे औत, पणतीचा उजेड, स्वयंपूर्ण खेडे. हे चित्र ज्यांना रम्य वाटते त्यांनी ते गावाच्या आतून पाहिलेले असते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते सर्वांना माहीत आहेत. त्याच्या मागे केवळ संताप नव्हता, अर्थशास्त्र होते. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, आजार तुकड्यांच्या आकारात नाही. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून आहेत हा खरा आजार, आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळात आकाराला आली. १९४३ साली विजेसंबंधीच्या धोरणसमितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, कारण विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही. वीज ही नफ्याची वस्तू न राहता सार्वजनिक मालकीची असावी, याकडे त्यांचा कल होता. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या पुस्तिकेत त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत आणि शेतीही राज्याचा उद्योग करून जमीन जातिभेद न पाळता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मांडणी केली. त्या रचनेत जमीनदार नव्हता, कूळ नव्हते आणि भूमिहीन मजूरही नव्हता.

तात्पर्य, विजेला आणि उद्योगाला विरोध ही आपली परंपरा नाही. आमच्या वस्तीत वीज आली तेव्हा मी शाळेत होतो. चिमणीच्या धुराने डोळे चोळत अभ्यास करणाऱ्या पोराला दिव्याचा अर्थ विचारा. माझ्या आईचे जात्यावरचे हात पिठाच्या गिरणीने मोकळे केले. आणि त्या गिरणीवर पैसे मोजले की दळण कोणाच्याही घरचे असो, एका रांगेत लागत असे. आजही भारतात दरडोई विजेचा वापर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. तेव्हा आम्हांला वीज अधिक हवी आहे. मात्र बाबासाहेबांच्या मांडणीत विजेचा आणि मालकीचा प्रश्न एकत्र होता. आज समतोलाची चर्चा करणारे दोन्ही पक्ष त्यातला मालकीचा अर्धा भाग गाळून टाकतात.

३

दुसरा गैरसमज आपल्या काही मित्रांचा आहे. त्यांना वाटते, हवामानबदल हा श्रीमंतांचा शौक आहे, आपले प्रश्न वेगळे आहेत. मला हे मान्य नाही. तापलेल्या हवेचा पहिला मार उघड्यावर काम करणाऱ्या शरीराला बसतो, आणि उघड्यावर काम कोण करते हे जातिव्यवस्थेने केव्हाच ठरवून ठेवले आहे. वीटभट्टी, ऊसतोड, खडी, गटार, रस्त्याचे डांबर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली असा अंदाज दिला की, वाढत्या उष्णतेमुळे २०३० साली भारतातले सुमारे ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील; ते सुमारे तीन कोटी चाळीस लाख माणसांच्या पूर्णवेळ कामाइतके भरतात. कार्यालयात काम करणाऱ्याचा तास वाया गेला तरी त्याचा पगार कापला जात नाही. पण ऊसतोडीचा कोयता टनावर चालतो आणि वीट हजारावर मोजली जाते. उक्त्या कामावरचा माणूस दुपारी सावलीत बसला तर तो स्वतःचीच मजुरी कापून घेतो, आणि मुकादमाची उचल अंगावर असेल तर बसूही शकत नाही. 'दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका' ही सूचना त्याच्यासाठी नसतेच.

दुष्काळाचेही तसेच. ज्या वर्षी स्टॉकहोमला परिषद भरली त्याच १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरे सुकडीच्या रांगेत उभी राहायचो. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. पुढे २००५ साली देशभरासाठी जो कायदा झाला त्याची प्रेरणा येथलीच होती.

या योजनेविषयी दोन गोष्टी नीट लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, आज ज्याला हवामानाशी जुळवून घेण्याची कामे म्हणतात ती कामे, म्हणजे पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, वृक्षलागवड, आपल्या आयाबहिणींनी पन्नास वर्षांपूर्वीच डोक्यावर पाट्या वाहून केलेली आहेत. दुसरी गोष्ट अशी की, पाझर तलावाचे पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना गेले. विहीर ज्याची जमीन त्याची. तलाव खोदणाऱ्याला आठवड्याची मजुरी मिळाली, पाणी मिळाले नाही. जगवण्याचे काम योजनेने केले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. माझे बालपण तिने वाचविले. पण जमिनीची वाटणी जशी होती तशीच राहिली आणि सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली संपत्ती त्याच वाटणीच्या चरीतून वाहत गेली.

आता सूर्याच्या बाबतीत तेच होऊ घातले आहे.

४

भारताने २०२१ साली ग्लासगोला जाहीर केले की, २०७० पर्यंत देश आपले निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणील. २०३० पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाशिवायची करण्याचे उद्दिष्ट होते; ते २०२५ मध्येच गाठले गेले. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र अजून सुमारे सत्तर टक्के वाटा कोळशाचाच आहे, कारण सूर्य रात्री नसतो. तेव्हा पुढची काही दशके दोन्ही चालणार आणि सौरऊर्जेसाठी जमीन लागत राहणार.

महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. वीज उपकेंद्राच्या जवळ लहान लहान सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही योजना आहे. हेतू चांगला आहे. रात्री-अपरात्री पिकाला पाणी देताना साप-विंचू चावून जी माणसे मेली त्यांत सालगडी म्हणून राबणारे आपले लोक पुष्कळ होते. ज्या शेतकऱ्याची जमीन प्रकल्पाला भाडेपट्ट्याने घेतली जाते, त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. ज्या गावात प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीलाही काही वर्षे अनुदान मिळते. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते. आणि सरकारी जमिनीत गायरान येते.

गायरान म्हटले की आपल्या चळवळीचा इतिहास उभा राहतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. मागणी एकच होती : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावे करा. त्यानंतर १९७८ साली आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शासननिर्णय निघाले. दुसऱ्या निर्णयाप्रमाणे १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करायची होती. कागदावर नियमित झाली, सात-बारावर सर्वांची नावे चढली नाहीत. गाव नमुना १-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीत काहींची नावे आहेत, काहींची एका वर्षी आहेत आणि दुसऱ्या वर्षी गायब आहेत. नोंद घेणे तलाठ्याच्या हाती आणि तलाठी गावच्या पुढाऱ्यांच्या ओसरीवर, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या गावची गोष्ट सांगतो. गावाचे नाव देत नाही, कारण ही अनेक गावांची गोष्ट आहे. माझ्या चुलत्यांनी १९८३ साली गायरानातला चार एकरांचा माळ फोडला. दगड वेचले, बांध घातला. पहिल्या वर्षी गावाने ढोरे घातली, दुसऱ्या वर्षीही घातली. तिसऱ्या वर्षी हुलगा घरात आला. चुलते गेल्यावर चुलतभाऊ ती जमीन कसू लागला. तूर, बाजरी, थोडा कापूस. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या आधी तेथे मोजणी झाली आणि खांब रोवले गेले. कोणी विचारायला आले नाही, कारण कागदावर तेथे कोणी नव्हतेच. वस्तीतल्या अकरा घरांची जमीन त्या तारेच्या कुंपणात गेली. कुंपणाला लागूनच गावच्या एका बड्या बागाईतदाराचा माळ आहे. त्याने तीन हेक्टर भाड्याने दिले. त्याला वर्षाला पावणेचार लाख मिळतात. माझ्या चुलतभावाला खड्डे खणण्याचे दोन महिन्यांचे काम मिळाले. मी गेलो तेव्हा तो कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "दादा, ह्या प्लेटांच्या खाली आमच्या बापाने वेचलेले धोंडे हायत. ते तरी मोजा म्हणावं."

या प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या कार्यकर्त्यांनी समजून घेतल्या पाहिजेत. एक, धरणासाठी किंवा खाणीसाठी जमीन संपादन केली तर २०१३ चा कायदा लागतो आणि त्यात जमिनीवर पोट असणारे भूमिहीन मजूर आणि कुळेही बाधित कुटुंबात धरली जातात. पण भाडेपट्टा म्हणजे संपादन नव्हे, आणि सरकारने स्वतःचीच जमीन दिली तर संपादनाचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून तो कायदा दाराबाहेर राहतो. दोन, पर्यावरणीय मंजुरीच्या प्रक्रियेतून असे सौर प्रकल्प वगळलेले आहेत, त्यामुळे तिच्यातली जनसुनावणीही नाही. तीन, २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, त्याचा धाक आपल्या लोकांना घातला जातो. पण त्याच निकालात सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेल्या प्रकरणांचा अपवाद म्हणून उल्लेख आहे, हे सांगितले जात नाही. शिवाय १९९१ चा निर्णय आपल्या बाजूला आहे.

सवलतींचेही असेच आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात सौर कृषी पंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरावी लागते, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला फक्त पाच टक्के. सवलत चांगली आहे. पण पंपाला विहीर लागते, विहिरीला जमीन लागते आणि जमिनीला सात-बारा लागतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातल्या कसल्या जाणाऱ्या एकूण क्षेत्रापैकी नऊ टक्क्यांहून कमी क्षेत्र अनुसूचित जातींकडे आहे; लोकसंख्येत त्यांचा वाटा २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के होता. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला पाच टक्क्यांची सवलत देऊन काय उपयोग?

५

जमिनीइतकाच नोकरीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७१ ते १९७३ या काळात झाले. विजेचे उत्पादन राज्यात वीज मंडळाकडे होते. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तरी मालकी सरकारची राहिली. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी या केंद्रांनी आणि चंद्रपूर-वणीच्या खाणींनी आपल्या समाजातल्या एका पिढीला राखीव जागांमुळे कायम पगाराची नोकरी दिली. तंत्रज्ञ, लिपिक, अभियंते त्यातून झाले. त्यांच्या मुलांनी महाविद्यालये पाहिली आणि त्यांच्या वर्गणीवर आपली कितीतरी विहारे, वाचनालये आणि नियतकालिके चालली. अर्थात कोळशाचे गुणगान करण्याचे कारण नाही. राख उचलण्याचे, कोळसा झाडण्याचे कंत्राटी काम करणारेही आपलेच होते, त्यांना राखीव जागा नव्हती आणि फुफ्फुसे मात्र होती. २०१५ साली परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळशाचा विकास दुष्काळापुढे किती टिकतो, हे मराठवाड्याने तेव्हा पाहिले.

पण प्रश्न असा आहे : कोळशाकडून सूर्याकडे जाताना वीज सार्वजनिक क्षेत्रातून खाजगी क्षेत्रात जात आहे. सौर प्रकल्प बहुतांशी खाजगी कंपन्यांचे आहेत. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. एकदा प्लेटा बसल्या की माणसेही थोडीच लागतात : एखादा रखवालदार आणि प्लेटा धुणारे चारदोन हात. म्हणजे धूर कमी होईल आणि त्याबरोबर आरक्षणही, कायदा न बदलता, चर्चा न होता, मागच्या दाराने कमी होईल. सूर्य कोणाचा शत्रू नाही. त्याची वीज कोणाच्या मालकीची आणि तिच्यातल्या नोकऱ्या कोणाच्या, हे मात्र माणसेच ठरवितात. ज्या कंपनीला सार्वजनिक जमीन मिळते आणि जिची वीज सरकारी कंपनी पंचवीस-पंचवीस वर्षांच्या कराराने विकत घेते, ती कोणत्या अर्थाने 'खाजगी' राहते, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी विचारला पाहिजे.

६

शेवटी पैशाचा विचार करू, कारण 'न्याय हवा हे खरे, पण पैसा कोठून आणायचा?' असे हमखास विचारले जाते. पैसा गोळा झाला होता. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनाला पन्नास रुपये उपकर बसविला. तो वाढत वाढत २०१६ साली चारशे रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठी त्याचा वेगळा निधी केला होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले, आणि त्यातले जेमतेम एक-तृतीयांश त्या निधीपर्यंत पोहोचले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर तो पैसा राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळविला गेला, आणि २०२५ मध्ये कोळशावरील कराचा दर वाढवून तो उपकरच संपविण्यात आला. हवामानाच्या नावाने वसूल केलेला पैसा हवामानासाठी राहिला नाही, आणि खाणीतल्या मजुरासाठी तर तो कधी नव्हताच.

याच्या शेजारी रोजगार हमीचा निधी ठेवून पाहा. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून तो कापला जातो. त्यातून येणारा पैसा आणि तितकाच सरकारचा वाटा रोजगार हमीसाठी बांधला गेला. शहराने मिळविले त्यातून थोडे खेड्यातल्या मजुराच्या हक्कासाठी काढून ठेवायचे, अशी ही व्यवस्था होती. रिओचे तत्त्व जगाला सुचण्याआधी सतरा वर्षे महाराष्ट्राने ते आपल्या हद्दीत लावून दाखविले होते. त्या निधीला मागे कायद्याचा हक्क होता, म्हणून दुष्काळात मजूर तहसीलवर मोर्चा नेऊ शकत होता. कोळशाच्या उपकरामागे कोणाचाही हक्क नव्हता, म्हणून तो कोठे गेला हे विचारायला कोणी उठले नाही.

यातून मला जे निष्कर्ष काढावेसे वाटतात ते असे. सार्वजनिक जमिनीवर सौर प्रकल्प होणार असेल तर ती प्रत्यक्ष कसणाऱ्याची चौकशी आधी व्हावी, आणि त्याला शेजारच्या शेतकऱ्याइतकेच भाडे मिळावे. प्रकल्पांचा मोठा हिस्सा सार्वजनिक किंवा भूमिहीनांच्या सहकारी संस्थांच्या मालकीचा असावा. सार्वजनिक जमीन व खरेदीची हमी घेणाऱ्या प्रत्येक वीज कंपनीला आरक्षण बंधनकारक करावे. उष्णतेच्या दिवसांत बंद राहणाऱ्या तासांची मजुरी हा उक्त्या मजुराचाही हक्क ठरावा. आणि हवामानासाठी घेतलेला कर व्यवसाय कराप्रमाणे कायद्याने मजुराच्या हक्काशी बांधावा. यांपैकी एकाही मागणीने विकास थांबत नाही आणि धूरही वाढत नाही. फक्त वाटणी बदलते.

तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर असे आहे : तू काही कमी करायचे नाहीस. तुझ्या घरात आणखी दिवे लागले पाहिजेत, आणि ते उन्हावर चालणारे असावेत. विकासात तुला काय मिळेल, याचे उत्तर मात्र कोणी आपणहोऊन देणार नाही. ते कागद गोळा करून, संघटना करून मागावे लागेल.

कागदाचे म्हणाल तर आमच्या गावापुरते काम सुरू झाले आहे. अकरा घरांच्या पेट्या-गाठोड्यांतून आम्ही जुने कागद काढले. कोणाकडे १-ई चा उतारा निघाला, कोणाकडे पंचनाम्याची प्रत. सर्वांत उपयोगी पडल्या त्या दंडाच्या पावत्या. गायरान कसल्याबद्दल चुलत्यांना १९८५ ते १९८९ या वर्षांत सरकारने जो दंड केला, त्याच्या पावत्या चुलतीने लुगड्याच्या घडीत जपून ठेवल्या होत्या. दंड भरला याचाच अर्थ ते तेथे होते, आणि १९९० च्या आधी होते. त्या पावत्यांच्या नकला जोडून अर्ज तहसीलदारांकडे दिला आहे. निर्णय अजून झालेला नाही. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती की, आपल्या गावच्या उपकेंद्राभोवती मोजणी सुरू होण्यापूर्वी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारावे : दंडाची पावती कोठे ठेवली आहे?